ऊसतोडणी यंत्रावर बसायचं ठरवलंय?

काकांनी मराठवाड्यातल्या ऊसतोड मजुरांच्या टोळीला उचल, म्हणजे आगाऊ पैसे, दिली होती. गाळप सुरू झालं, दिवाळी होऊन गेली, टोळी आलीच नाही. आमच्या करवीर तालुक्यातल्या फडात उसाला तुरे आले आणि वजन घटत गेलं. त्याच वर्षी मी कळंब्याच्या आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक होऊन बाहेर पडलो आणि एका हार्वेस्टरवर हेल्पर म्हणून लागलो. आता ऑपरेटर म्हणून तिसरा हंगाम आहे.

टोळ्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, अंधारात फडात उतरायचं, मोळ्या डोक्यावरून गाडीत चढवायच्या. त्यांची पोरं शिकून कोयता नको म्हणत असतील, तर बरंच झालं. पण तोड थांबत नाही, म्हणून यंत्र हवं, आणि ते चालवणारी माणसंही कमीच आहेत.

स्टिअरिंग आठवड्यात जमतं. अवघड आहे ते खालचं कटर. पहिल्या हंगामात मी दगडाच्या भीतीनं ते वर धरून चालवत होतो. शिरोळकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं मला खाली उतरवलं, वीतभर राहिलेलं खोडकं दाखवलं. ‘‘साखर बुडक्यात असती पोरा, तीच ठेवून चाललायस की.’’ त्याच्या पुढच्या खोडव्याचं, म्हणजे त्याच बुडख्यांतून फुटून येणाऱ्या पिकाचंही नुकसान होतं, कारण उंच खोडक्यावरची फूट कमजोर येते. फार खाली नेलं तर माती उसाबरोबर जाते आणि बुडखे उपटतात. तेव्हापासून पहिल्या सरीनंतर मी खाली उतरून बुडखे बघतो. पाती बोथट झाली की ऊस तुटत नाही, चिरतो. ती वेळेवर बदला.

फड आधी चालून बघा. साडेचार-पाच फुटांची सरी असेल तर यंत्र सरळ जातं. जुन्या तीन फुटी सरीत चाकं बुडख्यांवर चढतात. नदीकाठच्या काळ्या रानात ओल असेल तर थांबायला सांगा, शेतकरी घाई करत असला तरी. लोळलेला ऊस, वीस गुंठ्याचा तुकडा, वळायला जागा नाही, अशा ठिकाणी अजून कोयताच बरा. तसं मी तोंडावर सांगतो.

यंत्रानं तोडलेल्या कांड्या लवकर आंबतात. कारखान्याच्या यार्डात गाड्यांची रांग असेल तर फडात ढीग करून ठेवू नका. इंजिनाजवळ साचलेलं पाचट रोज हवेनं झाडा. आग तिथंच लागते.

स्वतःचं यंत्र घ्यायची घाई नको. किंमत कोटीच्या घरात जाते. २०२३ मध्ये राज्यानं वैयक्तिक खरेदीला ४० टक्के किंवा ३५ लाख, यांतलं जे कमी ते अनुदान ठरवलं, तरी उरलेलं कर्ज मोठंच असतं. आधी दोन हंगाम दुसऱ्याच्या यंत्रावर काढा.

आणि सुरुवात पावसाळ्यात करा. गाळप संपलं की यंत्रं शेडमध्ये येतात, हायड्रॉलिकचे पाइप, बेअरिंगं, उसाच्या कांड्या करणाऱ्या चॉपरचे ड्रम, सगळं उघडलं जातं. तेव्हा मेकॅनिकच्या हाताखाली उभे राहा. हंगामात शिकवायला कुणाला वेळ नसतो.