गव्हात तांबेरा-प्रतिकाराची जनुकं एकत्र आणताना या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे फक्त रोपांच्या चाचणीवरून ओळी (संकरातून निवडलेले वेगवेगळे वंश) बाद करणं. पहिलं पान पूर्ण उघडलं, की ७-८ दिवसांच्या रोपांवर तांबेऱ्याचे बीजाणू फवारतात, रोपं रात्रभर दमट कक्षात ठेवतात आणि १२-१४ दिवसांनी गुण देतात: ० ते २ प्रतिकारक, ३-४ रोगाला बळी पडणारी. एलआर-३४ हे नारिंगी तांबेऱ्याविरुद्धचं जनुक असलेल्या ओळीला इथे बहुधा ३ किंवा ४च मिळतात, कारण हे जनुक खरं काम करतं ते वाढलेल्या झाडाच्या सर्वांत वरच्या पानावर. तिथेही तांबेरा येतो. पण उशिरा येतो, पुटकुळ्या बारीक राहतात आणि बीजाणू कमी सुटतात. म्हणून अशा ओळी फेकू नका, शेतात न्या. भोवती आग्रा लोकलसारख्या रोगाला बळी पडणाऱ्या वाणाची ओळ पेरा आणि पानाचा किती टक्के भाग व्यापला, हे आठवड्याच्या अंतराने निदान तीनदा नोंदवा. शेवटच्या एकाच नोंदीवरून रोग किती वेगाने वाढला ते कळत नाही.

एलआर-३४मुळेच पानाचं टोक पिवळं पडून वाळतं. पाण्याचा ताण समजून अशी झाडं उपटली जातात. एसआर-२ हे काळ्या तांबेऱ्याविरुद्धचं जनुक असलेल्या झाडांच्या तुसांवर आणि पेऱ्यांजवळ काळपट छटा दिसते, म्हणून ती झाडंही रोगट समजून उपटली जातात. हे जनुक मुळात खपलीच्या जातकुळीतल्या गव्हातून आलेलं आहे आणि अनेक दशकं टिकलेलं आहे. ते असं हातचं घालवू नका.

दुसरी चूक मोजण्यातली. राय (rye) या धान्यातून गव्हात आलेल्या गुणसूत्राच्या एकाच तुकड्यावर एसआर-३१, एलआर-२६, वायआर-९ आणि पीएम-८ आहेत. नावं चार दिसली, तरी काळ्या तांबेऱ्यासाठी त्यात एकच जनुक आहे. बाकीची नारिंगी तांबेरा, पिवळा तांबेरा आणि भुरीसाठी. १९९८ मध्ये युगांडात एसआर-३१ला न जुमानणारी बुरशी सापडली, तीच पुढे यूजी-९९ म्हणून ओळखली गेली. जनुकं प्रत्येक रोगासाठी वेगळी मोजा.

मार्कर (जनुकाची डीएनएवरची खूण) मिळाला म्हणजे जनुक चालतंच असं नाही. पीएम-३ हे भुरीविरुद्धचं दुसरं जनुक सोबत असेल, तर पीएम-८ दबून राहू शकतं. काळ्या तांबेऱ्याविरुद्धचं एसआर-६ थंडीत चांगलं काम करतं, पण २५ अंशांच्या वर ढिलं पडतं. कक्षाचं तापमान नोंदवलं नसेल, तर त्या गुणांवर विसंबू नका.

शेवटी रोपांची संख्या. वेगवेगळ्या गुणसूत्रांवरची तीन जनुकं संकरानंतरच्या दुसऱ्या पिढीतच शुद्ध स्वरूपात (प्रत्येकाच्या दोन्ही प्रती प्रतिकारक) एकत्र हवी असतील, तर असं झाड ६४ मध्ये १. पण ६४च रोपं लावली तर ते हुकण्याची शक्यता एक तृतीयांशाहून जास्त राहते. ९५ टक्के खात्रीसाठी १९१ रोपं लागतात, चार जनुकांसाठी ७६६.