माळरानावरचे गरुड: फोटोवरून नाव देताना या चुका टाळा

हिवाळा लागला की तोच प्रश्न सुरू होतो: तपकिरी गरुड, एकच फोटो, "कोणता आहे?" आणि रंग बघून लगेच कोणीतरी उत्तर देतं.

रंगावर जाणं ही सगळ्यात मोठी चूक. टॉनी ईगल, म्हणजे आपल्याकडे बारा महिने राहणारा गरुड, सायीसारखा फिकट असतो आणि गडद तपकिरीही. ग्रेटर स्पॉटेड ईगल (स्पॉटेड म्हणजे ठिपकेवाल्या गरुडांपैकी एक) बहुधा काळपट, पण त्याचंही फिकट रूप आहे. त्यात संध्याकाळच्या उन्हात सगळेच पिंगट दिसतात. मी आधी चोच बघतो. तोंडाच्या कडेची पिवळी रेघ डोळ्याच्या मध्यापाशी थांबली तर टॉनी, डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत पोचली तर स्टेपी ईगल, हिवाळ्यात येणारा पाहुणा. नाकपुडी गोल असेल तर दोघंही बाद, स्पॉटेड गरुडांकडे वळा.

पण ही रेघही फसवते. इंदापूरजवळ कडबनवाडीच्या माळावर एक गरुड ढेकळावर बसला होता. कॅमेऱ्याच्या पडद्यावर रेघ डोळ्याच्या मध्यापर्यंतच दिसली, म्हणून मी आणि माझ्या मित्राने वहीत टॉनी लिहून टाकलं. रात्री घरी सगळे फोटो मोठे करून पाहिले. त्या फोटोत पक्ष्याची मान आमच्याकडे वळलेली होती, म्हणून रेघ आखूड दिसत होती. पुढच्या एका फोटोत चेहरा अगदी बाजूने आला होता आणि रेघ थेट डोळ्यामागे गेली होती. उडतानाच्या हललेल्या फोटोत पंखाखाली पांढरा पट्टाही होता. तरुण स्टेपी! रशिया-कझाकस्तानकडून आलेला, जगभरात धोक्यात असलेला पक्षी आम्ही इथला रहिवासी म्हणून नोंदवणार होतो. तेव्हापासून नाव पक्कं होईपर्यंत मी एकही फोटो पुसत नाही. नवीन मंडळी जागेवरच हललेले फोटो उडवतात आणि एक देखणा ठेवतात, याचा मला खरंच राग येतो. उडतानाचा फोटो कितीही वाईट असला तरी ठेवा.

पांढरा पट्टा नाही म्हणून स्टेपी नाही, असंही म्हणू नका. वयानुसार तो जातो.

पक्षी किती मोठा आहे हे फोटोवरून सांगू नका.

शेपटीच्या मुळाशी वरून दिसणारा पांढरा अर्धगोल तरुण स्टेपीला असतो, तसा स्पॉटेडलाही, म्हणून त्यावरून नाव ठरवू नका.

संगणकावर फोटोला फार धार दिली (शार्पन केला) की नाकपुडीचा आकार बिघडतो. मला विचारायचं असेल तर मूळ फाइलच पाठवा.

आणि आधी घार नाही ना, तेवढं बघा. घारीच्या शेपटीला खाच असते, पण शेपटी पूर्ण पसरली की ती दिसेनाशी होते.