बेबनाव की बेसूर? लॅटिन शब्द निवडताना

कोशात मतभेद, दुफळी, विसंगती यांसाठी लॅटिनचे सात-आठ शब्द ओळीने दिलेले असतात. पहिलाच उचलू नका. आधी 'दिस्' हा उपसर्ग, म्हणजे 'वेगवेगळ्या दिशांना', बाजूला काढा आणि उरलेलं अंग काय सांगतंय ते बघा.

'दिस्कोर्दिया'त उरतं 'कोर', हृदय. मनं दुरावली, राज्यात फूट पडली, तर हा शब्द. त्यात ग्रीकमधून आलेली 'खोर्दा', वाद्याची तार, शोधू नका. रोमन कवी होरेस बेसूर वादनालाही 'दिस्कोर्स' (याच शब्दाचं विशेषण) म्हणतो, म्हणून हा घोटाळा हटकून होतो.

आवाजाचे खरे शब्द दोन. 'दिस्सोनुस'ला किमान दोन पक्ष लागतात. रोमन इतिहासकार लिव्ही तो भाषेने आणि चालीरीतींनी भिन्न जमातींना लावतो. 'अब्सोनुस'ला एकच गळा पुरतो, सुरावरून ढळलेला. 'अब्सुर्दुस'ही मुळात बेसूरच. रोमन वक्ता सिसेरो आवाजाचे दोष सांगताना हे दोन्ही जोडीने वापरतो. 'असंबद्ध' हा अर्थ त्यातूनच फुटला.

दोन जबान्या, दोन आकडे, बोलणं आणि वागणं जुळत नसेल तर 'दिस्क्रेपारे' (क्रेपारे म्हणजे करकरणं). सिसेरोने तो किंचित उतरलेल्या तारांसाठीही वापरलाय. गद्यात त्याच्यासोबत 'आब' (पासून) किंवा 'कुम' (सह) आणि पंचमी. चतुर्थी कवींना सोडा. माणसांचं मत वेगळं असेल तर 'दिस्सेन्तीरे', दुरावा मुरलेला असेल तर 'दिस्सिदेरे', शब्दशः वेगळं बसणं. याचं नाम 'दिस्सिदिउम'. 'स्किन्देरे', फाडणं, यावरून आलेलं 'दिस्किदिउम' निराळं: ताटातूट, घटस्फोट. हस्तलिखितं उतरवून घेणाऱ्यांनी ही दोन नामं वारंवार एकमेकांत मिसळली, तेव्हा छापील पाठावर डोळे मिटून विसंबू नका.

सगळ्यात जास्त विद्यार्थी अडखळतात ते रोमन कवी ओव्हिडच्या 'दिस्कोर्दिया सेमिना'पाशी. हे नाम नाही. 'दिस्कोर्स' या विशेषणाचं नपुंसकलिंगी अनेकवचन आहे: 'एकमेकांशी न पटणारी बीजं'. वृत्त इथे मदतीला येत नाही, कारण नामाच्या प्रथमेतही शेवटचा 'आ' ऱ्हस्वच असतो. म्हणून आसपास नपुंसकलिंगी अनेकवचनी नाम आहे का ते पाहा. इथे 'सेमिना' (बीजं) आहे, आणि आधीच्या ओळीतलं 'कोन्गेस्ता' (एकत्र रचलेली) त्याच रूपात आहे. असं नाम नसेल आणि क्रियापद एकवचनी असेल, तर मात्र बहुधा नामच.