'इक्लीझिॲस्टिकल' न अडखळता कसं म्हणावं

ecclesiastical या इंग्रजी शब्दाचा अर्थ साधा आहे: चर्चसंबंधी, चर्चच्या कारभाराचं. इक्लीझिॲस्टिकल कोर्ट म्हणजे चर्चचं न्यायालय.

आधी सहा तुकडे पाडा: इ – क्ली – झि – ॲस् – टि – कल. पहिला इ ऱ्हस्व. स्पेलिंगच्या सुरुवातीला सी लागोपाठ दोनदा असला तरी क एकदाच म्हणायचा.

गोची तिसऱ्या तुकड्यात आहे. एस दिसला म्हणून 'एक्लेसियास्टिकल' म्हणणं चूक, हे बरेच जण सांगतात. पण 'झि म्हणा' एवढंच सांगून सोडून देतात आणि तिथेच घोळ होतो. मराठीत झ दोन आहेत: 'माझा'तला दंत्य आणि 'माझी'तला तालव्य. पुढे इ-ई आली की आपली जीभ आपसूक तालव्याकडे सरकते. त्यामुळे 'झि' वाचलं की तोंडातून 'माझी'तलाच झ निघतो. इथे हवा 'माझा'तला, आणि तोही इ लावून. ही जोडी मराठी जिभेच्या सवयीची नाही.

म्हणून 'माझा' म्हणायला सुरुवात करा आणि झ वर थांबा. आ येऊ देऊ नका. जिभेचं टोक वरच्या दातांमागे न्या, पण टेकवू नका. हवेला फट राहू द्या आणि माशीसारखा गुंजारव चालू ठेवा. तो न तोडता इ जोडा. गळ्यावर बोट ठेवून बघा: कंप थांबला तर तुम्ही 'सि' म्हणताय, जीभ टेकली तर 'जि'. हे जमेपर्यंत पूर्ण शब्दाच्या वाटेला जाऊ नका.

मुख्य जोर 'ॲस्'वर, त्याहून हलका 'क्ली'वर. '-इकल' शेपूट जोर आपल्या लगतच्या आधीच्या तुकड्यावर ओढतं. 'हिस्टरी'चं 'हिस्टॉरिकल' होताना तेच होतं. 'ॲस्'चा 'आस्' करू नका. शेवटचा 'कल' जवळजवळ 'क्ल'.

शब्दाची फोड मात्र या तुकड्यांवर करायची नाही. ग्रीक 'एक्' म्हणजे बाहेर, 'कालेइन' म्हणजे बोलावणं; त्यातून 'एक्लेसिया', बोलावून भरवलेली सभा. अथेन्समध्ये ती नागरिकांची सभा होती, पुढे ख्रिस्ती समुदायाची झाली. मराठी बायबलात तिलाच 'मंडळी' म्हणतात. एक क 'एक्'चा, दुसरा 'कालेइन'चा, म्हणून स्पेलिंगच्या सुरुवातीला सी दोन. '-इक' आणि '-अल' दोन्हींचा अर्थ 'संबंधी'च, म्हणजे एकावर एक दोन टोप्या.

गोव्यातली 'इगर्ज', म्हणजे चर्च, याच घराण्यातली, पोर्तुगीज 'इग्रेजा'मार्गे आलेली. 'चर्च' मात्र 'प्रभूचं' अशा अर्थाच्या वेगळ्याच ग्रीक शब्दातून आलंय. त्यावरून हे स्पेलिंग आठवायला जाल तर हाती काही लागणार नाही.