बोन्सायसाठी कुंडी कशी निवडावी आणि झाड कसे मांडावे

आधी आवडलेली कुंडी विकत घ्यायची आणि मग तिच्यात बसेल असे झाड शोधायचे, असे बहुतेकांचे होते; क्रम नेमका उलटा हवा. बुंध्याची वळणे आणि मातीवर पसरलेली मुळे जिकडून सर्वांत चांगली दिसतात, ती झाडाची दर्शनी बाजू प्रथम ठरवावी आणि मगच मोजपट्टी हाती घ्यावी.

झाड पसाऱ्यापेक्षा उंच असेल तर कुंडीची लांबी उंचीच्या सुमारे दोन-तृतीयांश ठेवावी. पसारा अधिक असेल तर हाच हिशेब पसाऱ्यावरून करावा. खोली साधारणपणे बुंध्याच्या तळाच्या जाडीइतकी असते. म्हणजे ४५ सेंटिमीटर उंच आणि तळाशी ५ सेंटिमीटर जाड असलेल्या वडाला ३० सेंटिमीटर लांब व ५ सेंटिमीटर खोल कुंडी शोभते. मात्र नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा एवढी उथळ माती सकाळी भिजवली तरी दुपारपर्यंत कोरडी पडते. म्हणून येथे खोली दोन-तीन सेंटिमीटरने वाढवावी, असे माझे मत आहे; शोभा किंचित उणावते, पण झाड उन्हाळा काढते.

पावसाळ्यात अडचण उलट होते. पाणी निथळल्यानंतरही तळाशी ओलीचा एक थर राहतोच, आणि कुंडी उथळ असली म्हणून तो पातळ होत नाही, त्यामुळे मुळांना हवेशीर जागा फार थोडी उरते. यासाठी आपल्याकडची काळी माती टाळून चाळलेली विटांची खडी, जाड रेती आणि थोडे कुजलेले शेणखत वापरावे. कुंडीच्या तळाला मोठी भोके आणि खाली पाये असावेत. भोकांवर जाळी बसवून त्यांतूनच तार ओवावी आणि झाड पक्के बांधावे. वड, पिंपळ, उंबर यांची कुंडी बदलायला पावसाळ्याची सुरुवात उत्तम.

आकाराचा निर्णय बुंधा करतो. सरळ, दणकट बुंध्याला कोपरे असलेली आयताकृती कुंडी, वळणदार बुंध्याला लंबगोल, आणि खाली झेपावणाऱ्या झाडाला उंच, खोल कुंडी. वड-चिंचेला ग्लेझ (भाजलेल्या मातीवरचा चकचकीत काचेरी लेप) नसलेली तपकिरी कुंडी द्यावी. ग्लेझ फुला-फळांच्या झाडांसाठी राखून ठेवावी: गडद गुलाबी बोगनवेलीखाली फिकट निळसर, नारिंगी फळांखाली गडद निळी. नक्षीदार कुंडी दुकानात मोहात पाडते, पण घरी आल्यावर पाहणाऱ्याची नजर झाडापर्यंत पोहोचूच देत नाही.

लांबट कुंडीत झाड मधोमध लावू नये. ते एका बाजूपासून साधारण एक-तृतीयांश अंतरावर आणि मध्यरेषेच्या किंचित मागे असावे, व लांब फांदी मोकळ्या बाजूकडे झुकावी. गोल किंवा चौकोनी कुंडीत मात्र मध्यच योग्य.

मांडणीच्या आदल्या दिवशी पिवळी पाने काढावीत, कुंडीवरचे क्षारांचे पांढरे डाग ओल्या फडक्याने पुसावेत आणि मातीवर शेवाळ बसवावे. पाट कुंडीपेक्षा थोडा मोठा असावा, मागे साधी फिकट भिंत असावी आणि बुंध्याचा मध्य पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीवर यावा. एका कट्ट्यावर दहा झाडे दाटीने ठेवण्यापेक्षा तीन मोकळी ठेवावीत. दिवाणखान्यात झाड एक-दोन दिवसच ठेवावे, तेही कूलरच्या झोतापासून दूर, आणि नंतर पूर्वेकडच्या गॅलरीत किंवा हिरव्या जाळीखाली परत न्यावे.