जुन्या संगणकासाठी हलका विंडो मॅनेजर कसा निवडावा

गोवा सरकारच्या सायबरएज योजनेत मिळालेला किंवा ऑफिसातून काढून टाकलेला संगणक पेडणे-डिचोलीकडच्या घरांत कपडा पांघरून पडलेला दिसतो. देवस्थानचे हिशेब, भजनी मंडळाची पत्रके एवढ्याला तो अजून पुरतो. नवी विंडोज त्याच्यावर लादू नका. लिनक्स घाला, त्यावर हलका विंडो मॅनेजर, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या मांडणारा आणि हलवणारा प्रोग्राम.

त्याआधी पेटी उघडा. पावसाळ्यातल्या दमट हवेने रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात काळवंडतात. साध्या खोडरबराने पुसा. मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी बदला. ती संपलेली असली की तारीख मागे जाते, ब्राउझर दर साईटवर सुरक्षेची तक्रार करतो आणि दोष लिनक्सला लागतो.

प्रोसेसर ३२-बिटचा असेल तर लिनक्सच्या प्रकारांपैकी डेबियन १३ सोडून द्या, त्यात ३२-बिटचा इन्स्टॉलरच नाही. डेबियन १२ वर बांधलेली अँटिएक्स २३ घ्या.

आता निवड. रॅम ५१२ एमबी असेल तर जेडब्ल्यूएम किंवा आइसडब्ल्यूएम, १ जीबीला आइसडब्ल्यूएम, २ जीबी किंवा जास्त असेल तर एलएक्सक्यूटी हे पूर्ण डेस्कटॉपही चालते. ओपनबॉक्स दिसायला सर्वांत हलका, पण सुरू केल्यावर समोर कोरी स्क्रीन येते. पॅनेल, घड्याळ, वॉलपेपर एकेक करून जोडता जोडता वजन वाढत जाते. आइसडब्ल्यूएममध्ये मेनू, टास्कबार आणि घड्याळ आधीपासून असते, म्हणून घरच्या संगणकाला आमची पहिली पसंती तीच. आय३ नावाचा मॅनेजर (प्रोसेसर नव्हे) वेगवान आहे, पण सगळा कारभार कीबोर्डवर. आजोबांना तो देऊ नये.

एकाच संगणकावर दोनतीन मॅनेजर सुखाने राहतात. लॉगिन करताना सेशन बदला, दोन मिनिटे थांबा, टर्मिनलमध्ये ‘फ्री’ (free) ही आज्ञा चालवून वापरलेली मेमरी लिहून ठेवा. मग ब्राउझरमध्ये तीन टॅब उघडून पुन्हा मोजा. मॅनेजर बदलून वाचलेली मेमरी ब्राउझर एका घासात खातो, हे तेव्हा कळते. टॅब कमी ठेवा आणि रॅममधला मजकूर दाबून जागा वाचवणारी झेडरॅम सोय चालू करा; १ जीबीच्या संगणकावर त्याने खरा फरक पडतो.

बहुतेकांचे अडते ते स्टार्टअप फाईलपाशी, म्हणजे लॉगिन होताच आपोआप चालणाऱ्या फाईलपाशी. आइसडब्ल्यूएमची फाईल होम फोल्डरातल्या लपलेल्या आइसडब्ल्यूएम फोल्डरात असते. तिला एक्झिक्युट (चालवण्याची) परवानगी दिली नाही तर ती गुपचूप दुर्लक्षित होते, चूक दाखवतही नाही. वाय-फायचे ॲपलेट, आवाजाचे चिन्ह अशा प्रत्येक ओळीच्या शेवटी ‘&’ हवे; एका ओळीला राहिले की पुढच्या ओळी तिथेच खोळंबतात.

मराठीसाठी लोहित देवनागरी फॉन्ट घाला, नाहीतर अक्षरांच्या जागी चौकोन दिसतील. टायपिंगला वापरतात तो आयबस प्रोग्राम मेमरी खातो. इनस्क्रिप्ट कीबोर्ड येत असेल तर याच स्टार्टअप फाईलमध्ये ‘सेटएक्सकेबीमॅप’ (setxkbmap) या आज्ञेची एक ओळ घालून मराठी लेआऊट जोडा, वेगळा प्रोग्राम लागत नाही.

वयस्कर माणसासाठी अजून एक गोष्ट आवर्जून करा. आइसडब्ल्यूएमच्या प्रेफरन्सेस फाईलमधल्या ‘वर्कस्पेसनेम्स’ (WorkspaceNames) ओळीत एकच नाव ठेवा. चार वर्कस्पेस (खिडक्या उघडायचे वेगवेगळे पडदे) असले की चुकून दुसऱ्यावर क्लिक होते, आणि अर्धवट लिहिलेले पत्र पुसले गेले असे वाटून माणूस संगणकच बंद करतो.