अनोळखी समुद्री मासा ओळखताना या चुका टाळा

मत्स्यालयाचे मासे विकणाऱ्या दुकानातल्या पिशवीत एखादा वेगळाच मासा दिसतो. दुकानदार काहीतरी ठोकळ नाव सांगतो, ॲपवर फोटो टाकला की दुसरंच नाव येतं, आणि संध्याकाळपर्यंत मासा मोठ्या टाकीत सोडलेलाही असतो. तो नक्की कोण, हा प्रश्न पडतो पंधरा दिवसांनी, टाकीतलं काहीतरी मेल्यावर. आधी ओळख, मग पैसे, मग टाकी. एवढा क्रम पाळला तरी निम्मे घोळ होत नाहीत.

रंगावर विसंबणं

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. समुद्रात रंगांची नक्कल करणारे मासे भरपूर आहेत. त्यांतलं नेहमी फसवणारं उदाहरण ‘क्लीनर’चं, म्हणजे दुसऱ्या माशांच्या अंगावरचे परजीवी खाऊन त्यांना साफ करणाऱ्या माशाचं. खरा क्लीनर रास म्हणजे लॅब्रॉइडीझ डिमिडिएटस. फिकट निळं अंग आणि डोक्यापासून शेपटीकडे रुंद होत जाणारा काळा पट्टा. आस्पिडॉन्टस टीनिएटस ही ब्लेनी (बिळात राहणारा लांबट छोटा मासा) अगदी हाच पोशाख घालून फिरते. ती दुसऱ्या माशांच्या अंगावरचे परजीवी काढत नाही. ट्यूबवर्मचे (नळीत राहणाऱ्या समुद्री किड्यांचे) पंखे आणि माशांची अंडी खाते, संधी मिळाली की माशांच्या परांचे (फिन्सचे) लचकेही तोडते.

पुढचा प्रकार ठरलेला असतो. आधी ट्यूबवर्म पंखे बाहेर काढेनासे होतात. मग बटरफ्लाय माशाच्या शेपटीची कड झिजलेली दिसते. मालक ‘फिन रॉट’ (पर कुजण्याचा रोग) म्हणून थेट मुख्य टाकीत अँटिबायोटिक ओततो. औषधाने फिल्टरमधले उपयुक्त जिवाणू मरतात, माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया चढतो आणि दोन-तीन दिवसांत चांगले मासे तळाला लागतात. ब्लेनी मात्र दगडाच्या बिळात धडधाकट असते. रोग नव्हताच, त्यामुळे औषधाचा प्रश्नच नव्हता.

ओळखायला अर्धं मिनिट पुरतं. बाजूने तोंड बघा. रासचं तोंड अगदी टोकाला, समोर उघडतं. ब्लेनीचं नाकाड पुढे आलेलं असतं आणि तोंड खालच्या अंगाला, शार्कसारखं. रास छातीचे पर वल्ह्यासारखे मारत वरखाली नाचत पोहते. ब्लेनी सगळं अंग वळवत सापासारखी सरकते आणि घाबरली की शेपटीकडून बिळात शिरते. टाकीत आलीच असेल तर जाळीने पाठलाग करू नका. ती बिळात गेली की तो दगडच उचलून बादलीवर धरा, पाणी निथळलं की ती खाली येते. खरं तर खरा क्लीनरही नवशिक्याने घेऊ नये. घरच्या टाकीत त्याला पुरेसं खाणं मिळत नाही आणि तो बहुधा उपाशी मरतो.

नकलेची दुसरी जोडी: अकॅन्थ्युरस ट्रिस्टिस या सर्जनफिशचं पिल्लू आइब्लाय एंजल या एंजलफिशसारखं दिसतं. इथे दोनच जागा तपासा. गालावर, कल्ल्याच्या झाकणाखाली मागे वळलेला काटा असेल तर एंजल. शेपटीच्या देठावर घडी होणारं पातं असेल तर सर्जन. तसंच व्हॅलेंटिनी केंड (पफरफिश) आणि त्याची नक्कल करणारा फाइलफिश. पाठीचा पर आखूड आणि शेपटीजवळ असेल तर केंड, लांबच लांब असेल तर फाइलफिश.

पिल्लालाच पूर्ण मासा समजणं

निळ्या-काळ्या अंगावर पांढऱ्या रेघा असलेलं बोटभर एंजल बघून लोक हरखतात आणि दोनशे लिटरच्या टाकीसाठी घेऊन जातात. त्या रेघा शेपटीजवळ बंद वर्तुळं करत असतील तर ते एम्परर. अर्धगोलच राहत असतील तर कुराण एंजल, जवळजवळ सरळ उभ्या असतील तर ॲन्युलॅरिस. तिघंही चाळीस सेंटिमीटरच्या घरात जातात आणि मोठेपणी रंग पार बदलतात. सातशे लिटरखाली यांचा विचारच करू नये, असं आमचं ठाम मत आहे. तपकिरी अंगावर मोठे पांढरे ठिपके आणि सतत अंग हलवत पोहणारं पिल्लू म्हणजे हार्लेक्विन स्वीटलिप्स, तेही सत्तर सेंटिमीटरपर्यंत वाढतं. वाळक्या पानासारखं तरंगणारं तपकिरी पिल्लू बहुतेक वेळा बॅटफिशचं असतं. ‘छोटाच राहतो’ असं विकणारा म्हणाला तर त्याला शास्त्रीय नाव विचारा. नाव सांगता येत नसेल तर आकाराचं आश्वासनही धरू नका.

निळ्या दिव्याखाली फोटो

निळ्या एलईडीत पिवळा हिरवट दिसतो आणि तपकिरी काळा. पांढरा दिवा लावा. दिवे बंद झाल्यावर काढलेला फोटोही निरुपयोगी, कारण फॉक्सफेससारखे मासे रात्री डागाळलेले दिसतात.

आमची पद्धत साधी आहे. त्याच टाकीचं पाणी भरलेला छोटा पारदर्शक ॲक्रिलिक डबा, मागे पांढरा कागद, बाहेरून चिकटवलेली मोजपट्टी. बाजूने, समोरून आणि वरून असे तीन फोटो, पाच मिनिटांत मासा परत. मग फोटो मोठा करून पाठीच्या परातले टणक काटे मोजायचे. ओसेलॅरिस क्लाउनफिशला ते बहुधा अकरा असतात, तशाच दिसणाऱ्या पर्क्युला क्लाउनफिशला दहा. कंटाळवाणं काम आहे, पण ॲपने सुचवलेल्या नावापेक्षा काट्यांवर भरवसा ठेवा.

मासा कुठून पकडला हेही विचारायला लोक विसरतात. पर्क्युला भारतीय समुद्रात नाही. अंदमानातून पकडलेला म्हणून कोणी तो विकत असेल तर एक तर नाव चुकलंय किंवा गाव.

ओळख पटायच्या आत औषध

‘नवा मासा, थोडं कॉपर (परजीवींवरचं तांब्याचं औषध) टाकून ठेवू’ ही सवय सोडा. पाकट आणि शार्कला कॉपर मारक आहे. केंड, छोटे एंजल, लायनफिश हेही नाजूक. वेगळ्या टाकीत स्पंज फिल्टर, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे आणि महिनाभर निरीक्षण, एवढं आधी करा. चौकोनी पिवळं, काळ्या ठिपक्यांचं पिल्लू असेल तर ते बॉक्सफिश. घाबरलं किंवा मेलं तर ते विष सोडतं, म्हणून ते इतरांबरोबर एका बादलीत आणू नका.

हात घालणं

कोकणात ओहोटीच्या डबक्यांत काळसर अंगावर दोन पांढऱ्या रेघांची पिल्लं गोळा करून फिरताना दिसतात. तो प्लोटोसस लिनिएटस, एक समुद्री कॅटफिश. त्याच्या पाठीच्या आणि छातीच्या पराचे काटे विषारी असतात, आणि जाळीत अडकला की लोक हाताने सोडवायला जातात. जाळी नको, डबाच वापरा. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांपर्यंत, अर्धा ते दीड तास हात बुडवून ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. पाण्याची उष्णता दुसऱ्या, न दुखावलेल्या हाताने तपासा.

समुद्रघोडा, पाइपफिश किंवा जिवंत कठीण प्रवाळ कोणी देऊ केलं तर ओळख पटवत बसू नका, घेऊच नका. हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, तिथला मासा तिथेच बघायचा.